अंबाजी पैलवानाचे खांदे

अंबाजीची बायको झुंबरबाई पाण्याला गेली की त्याच्या तोंडावर बसलेली माशी कोण हाकलत असेल, हा प्रश्न आज संध्याकाळपासून माझ्या डोक्यातून जात नाही. नळावर रांग असते, भांडणं असतात. तिला परतायला वेळ लागतो. तेवढा वेळ तो भिंतीला टेकून एकटा बसलेला असतो. मी आत गेले तेव्हा माशी त्याच्या डोळ्याच्या कडेला होती. त्याने मान झटकली. माशी उडाली आणि पुन्हा तिथेच येऊन बसली. मग त्याने तिला बसू दिलं. हात मांडीवर पडून होते, दुसऱ्या कुणाचे आणून ठेवावेत तसे.

मी पदराने माशी हाकलली, तर म्हणाला, "राहू द्या वैनीसाहेब. ती बी सोबतच हाय."

घरातले सगळे निजलेत. मला काही झोप यायची नाही. त्याची हकीकत तरी लिहून काढावी म्हणून बसले आहे.

अंबाजी मूळचा परंदवडीचा, शेतकऱ्याच्या घरातला. शेतीपेक्षा त्याचा जीव तालमीत. देवळामागची तालीम, तिथली तेल-ताक घालून मळलेली तांबडी माती आणि कोंडाजी वस्ताद, एवढंच त्याचं जग. या वस्तादाचा एक नियम होता. काल काढलेल्या जोरांनी आज एखाद्या पोराचे दंड ठणकत असले आणि ते कुरकुरलं, की वस्ताद त्याला दुप्पट जोर काढायला लावायचा. "दुखतंय व्हय? मग भरतंय! दुखत नसंल तर समज, बैल नुसती पेंड खाऊन झोपतोय." दुखऱ्या जागेवर तेल चोळायचं, आखाड्याची माती लावायची आणि पुन्हा जोर काढायचे. दुखणं अंगातच जिरवायचं. अंबाजी हे सांगायचा तेव्हा त्याच्या तोंडावर मोठी भक्ती दिसायची. उर्से, सोमाटणे, तळेगाव, जिथे जिथे उरुसाला किंवा जत्रेला फड लागे तिथे त्याने कुस्त्या मारल्या, त्या याच नियमावर.

पहिल्या महायुद्धात पलटणीची भरती करणारे आले. त्यांनी त्याची छाती पाहिली आणि उचलला. बसऱ्याच्या पुढे कुठेतरी पाठीत गोळी बसली. कमरेखालचं सगळं गेलं. खडकीच्या लष्करी इस्पितळात तो पुष्कळ दिवस होता. शेजारच्या खाटेवरच्या एका शिपायाने त्याला छत्र्या दुरुस्त करायला शिकवलं, आणि निघताना त्याला पेन्शन आणि एक चाकांची खुर्ची मिळाली. जड लाकडाची, वेताच्या बैठकीची, दोन बाजूंना दोन मोठी चाकं आणि मागे एक लहान.

झुंबरबाईचे भाऊ तिला न्यायला आले होते. ती तेव्हा अगदी पोर होती. म्हणाली, "पाय गेलेत, मानूस कुटं गेलाय?" आणि चूल पेटवायला वळली.

परंदवडीत खुर्ची चालेना. गावात नुसते दगड आणि चिखल. उंबऱ्याबाहेर पडायचं तर चार माणसं लागायची. लोणावळ्याला बंगलेवाल्यांसाठी सडका झाल्या होत्या, खडी दाबून केलेल्या. म्हणून तो इथे आला. त्याला गाव नको होतं, रस्ता हवा होता. बाजाराच्या तोंडाला पत्र्याचं छप्पर टाकून त्याने छत्र्यांचं दुकान मांडलं. या गावात पावसाळ्यात छत्रीचं काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. काड्या उलट्या होतात, दांडे मोडतात, कापड फाटतं. अंबाजीच्या हाताखालून गेलेली छत्री मात्र तीन पावसाळे काढायची.

दुकान खाली आणि खोली वर, मधे चढ. तो चढ तो स्वतःच्या हाताने चढायचा. खुर्चीला दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही. कुणी मागून धरलीच तर चाकं घट्ट पकडून तिथेच थांबायचा. टांग्यांच्या चाकांना लोखंडी धावा बसवणारा हमीद समोरच बसे. तो ओरडायचा, "पैलवान, एखादं तट्टू जुंपून देऊ का?"

"तुला जुंप. तसाबी रिकामाच असतोस!"

"मला दाणापाणी लागंल."

"मग ऱ्हाऊ दे. तुझ्यापरीस माजे खांदे स्वस्त."

ते खांदे बघायला बंगल्यांतली पोरं थांबायची. छातीपासून वर तो माणूस मूर्तीसारखा होता. खांदे दुखत नसत असं नाही. रात्री झुंबरबाई तेल चोळायची, आणि दुसऱ्या दिवशी तो खुर्चीच्या हातांवर तळवे टेकून सगळं शरीर वर उचलायचा, खाली सोडायचा, पुन्हा उचलायचा. दुखलं की जास्त. वस्तादाचा नियम त्याने पलटणीत सोडला नव्हता, तो खुर्चीत काय सोडणार?

आमची शरयू पाच वर्षांची असताना तिला ताप आला आणि ताप उतरला तेव्हा तिचे पाय उठले नाहीत. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, हिला जपा, हिच्याच्याने काही व्हायचं नाही. आम्ही जपलं. आठ वर्षांची झाली तरी मी तिला कडेवर घेऊन हिंडत होते. तशीच एकदा छत्री द्यायला गेले. अंबाजीने छत्रीकडे पाहिलंच नाही.

"हिला उचलून का घेतलीय?"

"पाय चालत नाहीत तिचे."

"माजे तरी कुटं चालत्यात?" मग शरयूला म्हणाला, "काय गं, हात दाखव. मूठ वळ. आई गं! ही तर पैलवान हाय. हिला आईच्या कडेवर बघून लोक हसत्याल की!"

शरयू हसली. त्या तापानंतर ती परक्या माणसाकडे बघून हसलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

ह्यांनी मुंबईहून लहान खुर्ची आणवली. हे वळवणच्या धरणावर ओव्हरसियर. घर धरणाकडे, बाजारापासून लांब. रविवारी आम्ही तिला अंबाजीच्या दुकानी सोडायचो. त्याने तिला चाक कुठे धरायचं, उतारावर तळव्याने कसं आवरायचं, खुर्चीतून खाटेवर कसं जायचं, सगळं शिकवलं. आणि तेही शिकवलं. "पैलवानकाका, खांदा दुखतो," ती म्हणे. "दुखतो न्हवं? मग भरतोय. काड आनकी धा." ती दात खाऊन दहा काढायची. वर्षभरात आमची शरयू तो चढ चढली. अंबाजी पुढे, ती मागे. हमीद ऐरण सोडून टाळ्या वाजवत उभा होता. मी रस्त्यातच रडले. त्या दिवशी मला कुणी विचारलं असतं, की देव कुठे असतो, तर मी पत्र्याच्या त्या दुकानाकडे बोट दाखवलं असतं.

एक गोष्ट मधेच सांगायला हवी. अंबाजीचा पटका आमच्या बाजारात प्रसिद्ध होता. गुलाबी, पलटणीतल्यासारखा चापून बांधलेला, रोज सकाळी दुकानासमोर स्वतः बांधायचा. चारेक वर्षांपूर्वी अचानक त्याच्या डोक्यावर पांढरी टोपी आली. बेचाळीसचं वर्ष. बाजारात हसू पिकलं. "पेन्शन इंग्रजाची आन् टोपी गांधीची! पैलवान, एकदा काय ते ठरवा!" अंबाजीही हसला. म्हणाला, "डोकं हलकं झालं बाबांनो." लोकांनी त्याच्या देशभक्तीचं कौतुक केलं. ह्यांना काळजी वाटली, की पेन्शन बंद होईल. मला अभिमान वाटला.

शरयू यंदा पुण्याला कॉलेजात गेली. मी ज्या कॉलेजातून बी.ए. झाले त्याच. मुलींच्या वसतिगृहापासून वर्गापर्यंत चांगलाच चढाचा रस्ता आहे. ती कुणाला खुर्चीला हात लावू देत नाही. दिवाळीत आली तेव्हा मी तिला न्हाऊ घालून केस पुसत होते. लांब, दाट केस आहेत तिचे. म्हटलं, "वेणी नीट घालतेस ना?" म्हणाली, "माझी वेणी हल्ली शहनाज घालते. खोलीतली मैत्रीण. तिला हौस आहे फार." मला किती बरं वाटलं! शेवटी तिला जवळची मैत्रीण मिळाली. मी शहनाजसाठी करंज्यांचा डबासुद्धा दिला.

भाऊबीजेला आम्ही दोघी अंबाजीकडे गेलो. त्याने लांबूनच शरयूला हाक मारली, "या पैलवान! दंड दावा!" तिने दंड वळून दाखवला. "तुमचा दाखवा काका." "माजा काय बघतीस, म्हाताऱ्याचा," म्हणाला आणि हात मांडीवरून उचलले नाहीत. मी त्याला ओवाळलं तेव्हा ओवाळणीच्या नाण्यांची पुरचुंडी झुंबरबाईने ताटात टाकली. घरी येताना मी शरयूला विचारलं, खांदे दुखतात का गं? हसून म्हणाली, "भरतायत."

ती पुण्याला परतली आणि पुढल्याच आठवड्यात अंबाजी पडला. खुर्चीतून खाटेवर जाताना हातांनी दगा दिला. खुर्ची आणि खाट यांच्या फटीत तो अडकला, आणि ज्या हातांनी त्याने अठ्ठावीस वर्षं आपलं अंग उचललं ते हात त्याला फटीतून काढू शकले नाहीत. झुंबरबाई बाजारातून आली तोवर तो तसाच होता. हाकही मारली नव्हती त्याने.

हे त्याला पुण्याला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी खांदे तपासले, एक्स-रेचं चित्र काढलं. ह्यांना म्हणाले, खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीत ठेवलेला गोटा. तो हात फिरवायला केलेला आहे, अंग वाहायला नव्हे. वर्षानुवर्षं त्यावर पायांचं काम पडलं. आतले स्नायू दोऱ्यासारखे झिजून तुटले, हाडावर हाड घासतंय. आता काही करता येण्यासारखं नाही. दुखायला लागलं तेव्हाच विसावा दिला असता, चढावर कुणी ढकललं असतं, खुर्ची हलकी असती, तर हे खांदे पुष्कळ वर्षं टिकले असते. ह्यांनी विचारलं, दुखत असताना हा जास्त जोर काढायचा, त्याचं काय? डॉक्टरांनी नुसती मान हलवली.

तेव्हापासून दुकान बंद आहे. खुर्ची दाराशी उभी असते. घास झुंबरबाई भरवते. त्याने पहिल्याच भेटीत मला शपथ घातली, "पोरीला कळवायचं न्हाई. परीक्षा हाय तिची." मी होकार दिला. मलाही ते बरोबर वाटलं.

आज संध्याकाळी ती माशी हाकलून मी बसले, तेवढ्यात झुंबरबाई घागर घेऊन आली. तिने त्याची टोपी काढली आणि डोक्याला तेल घालू लागली. मला काहीतरी हलकं बोलायचं होतं. त्या घरात हल्ली बोलायला विषयच सापडत नाही. म्हणून मी बाजारातली जुनी थट्टा काढली. "काय अंबाजीभाऊ, पेन्शन इंग्रजाची आणि टोपी गांधीची!"

तो हसला नाही. झुंबरबाईचा हात थांबला.

"टोपी कसली गांधीची, बाई," ती म्हणाली. "हात वर जाईना यांचा. पटका बांदताना डोळ्यांतनं पानी यायचं. मी बांदते म्हनलं, तर म्हनले, पैलवानाचा पटका बायकूनं बांदायचा व्हय? लोक आपले टोपी टोपी करत हसले. यांनी हसू दिलं."

"गप की," अंबाजी म्हणाला.

"आता काय गप? चार वर्सं गपच हाय मी."

मला आधी नुसतं वाईट वाटलं. मग एकदम दिवाळीत पुसलेले शरयूचे केस आठवले. मी म्हणाले, कुणाला उद्देशून ते मलाही कळलं नाही, "शरयूची वेणी शहनाज घालते."

अंबाजीने माझ्याकडे पाहिलं.

"कवापासनं?"

"दिवाळीच्या आधीपासून."

"हात वर नेती का ती? फळीवरचं काय काढती का? पदर डोक्यावर घेती?"

मी आठवू लागले. दिवाळीत फराळाचा डबा तिने मला काढायला सांगितला होता. चहाचा पेला उचलताना ती पेल्यापर्यंत तोंड खाली नेत होती. एकदा पहाटे तिच्या खोलीत डोकावले तेव्हा उजव्या हाताखाली उशी घेऊन बसली होती, निजली नव्हती. मी विचारलं, तर म्हणाली, अभ्यासाचं आठवतेय. सगळं माझ्या डोळ्यांपुढे घडलं होतं.

"दुखतंय म्हनाली?" अंबाजीने विचारलं.

"भरतायत म्हणाली."

त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. एवढंच काय ते आता त्या खांद्यांनी होतं. गालावरून पाणी ओघळून मिशीत जिरत होतं आणि ते पुसायला त्याचा हात येत नव्हता. झुंबरबाईने पदराने पुसलं, लहान मुलाचं पुसतात तसं, आणि त्याने पुसू दिलं.

"वस्ताद खोटं न्हवता," तो भिंतीशीच बोलत होता. "वस्तादाच्या पोरांना पाय व्हते. जोर काडून झालं की ती हातांना विसावा देऊन घरला चालत जायची. आमी हातांनीच घरला गेलो. हे मला कुनी सांगितलंच न्हाई. आन् मी पोरीला... वैनीसाहेब, थांबवा तिला."

"थांबवते भाऊ."

"पर माजं नाव काडू नका. डाक्तर म्हनला म्हना. ती खुर्ची ढकलती ती माज्याकडं बगून. पैलवान पडला म्हनून कळलं, तर ती हातच खाली टाकंल. परत कडंवर येईल तुमच्या."

मी पुन्हा होकार देऊन आले. देताना खरा दिला होता. पण घरी आल्यापासून मनाशी घोळवते आहे. डॉक्टर म्हणाले म्हणून शरयू ऐकेल का? डॉक्टरांनी तर सांगितलं होतं, हिच्याच्याने काही व्हायचं नाही. डॉक्टरांवर हसायला तिला अंबाजीनेच शिकवलं. मी सांगितलं तर म्हणेल, आई, तू आपली घाबरट. ती हसेल, चाकाला हात घालेल आणि चढाला लागेल. जगात एकाच माणसाचं म्हणणं तिला पटेल, आणि तेच म्हणणं झाकून ठेवायची मला शपथ आहे.

तो भितो ते खोटं नाही. तिचं मन मोडेल. कदाचित खुर्चीकडे ती कित्येक दिवस बघणारही नाही. आणि आणखी एक आहे, जे तो बोलला नाही. या जगात आता फक्त शरयूच्या मनात अंबाजी पैलवान स्वतःच्या हाताने चढ चढतो आहे. ते मी काढून घेतलं की त्याच्याकडे काय उरतं? एक पांढरी टोपी, तीही दुसऱ्याने घातलेली.

पण मोडलेलं मन मी उराशी धरून बसेन. तुटलेला खांदा कशाने सांधू? आणि पुढे कधीतरी, मी नसताना, तिच्या डोळ्यापाशी माशी बसली तर?

नाही. भाऊ, तुमची शपथ मी मोडते आहे.

बाजारात फक्रुद्दीनशेटच्या दुकानात टेलिफोन आहे. बंगलेवाल्यांचं सामान तो त्यावरच मागवतो. सकाळी फळ्या काढल्या काढल्या जाऊन उभी राहीन. पुण्याला ट्रंककॉल लावायला सांगेन, रेक्टरबाईंना म्हणेन, वर्ग राहू दे, शरयूला बोलवा. त्या फोनवर ओरडून बोलावं लागतं, गिऱ्हाइकं ऐकतात. ऐकू देत. बाजाराने त्या टोपीला हसून घेतलं आहे, आता खरं काय ते त्यालाही कळू दे.

ती घाबरून विचारेल, आई, काय झालं? मी आधी एवढंच विचारीन, की वेणी तुला स्वतःला घालता येत नाही ना? ती गप्प झाली की मग अंबाजीचं सांगेन, पटक्यापासून सगळं. आणि म्हणेन, शनिवारच्या गाडीने ये. स्टेशनावरून त्याच्या घरापर्यंतचा चढ मी ढकलेन.